वर्षावासातली फवारणी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वर्षावासाचे हे तीन महिने. धानाची रोवणी आटोपून वाडीतल्या वांगी, मिरची, भेंडी, कारल्याकडे वळण्याचेही हेच महिने, आणि पाठीवर पंप घेऊन ओळीमागून ओळ फवारण्याचेही. सकाळी शेंडे पोखरणाऱ्या अळीवर औषध मारणारा माणूस संध्याकाळी विहारात बसून प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील उच्चारतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या त्याच्या शेजाऱ्याची अडचण वेगळी नाही. मुंगी चुकवून पाऊल टाकायचे आणि त्याच पायांनी मावा, तुडतुडे, फुलकिडे मारायला वाडीत शिरायचे. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, आणि ‘पोटासाठी करावेच लागते’ असे म्हणून विषय मिटवणे त्याहून सोपे. पण दोन्ही उत्तरे फवारणीच्या दिवसापाशीच थांबतात. त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात निवड अशी फारशी उरलेली नसते. माझ्या मते शेतातल्या हिंसेचा हिशेब वैशाख-ज्येष्ठात सुरू होतो, जेव्हा अळी अजून दिसतही नाही आणि शील आठवावे असे काही समोर घडतही नसते.

शेतीला हिंसा म्हणून नाव ठेवण्याची रीत जुनी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, चौऱ्याऐंशीव्या श्लोकात, शेती निंद्य ठरवली आहे. कारण असे की लोखंडी तोंडाचा नांगर भूमीला आणि भूमीतल्या जीवांना इजा करतो. निरीक्षण खरे आहे. नांगराच्या तासात किडे मरतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहावा. नांगर धरणारा दोषी, आणि त्याच नांगराने पिकवलेला भात खाणारा मात्र शुद्ध, अशी ती वाटणी आहे. हिंसेचा सगळा भार खालच्या पायरीवर ढकलून वरची पायरी स्वच्छ ठेवणारी अहिंसा मला मान्य होत नाही. अशा अहिंसेने एकही किडा वाचत नाही, फक्त कोणाला पापी म्हणायचे ते ठरते. जैन परंपरेने हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे हाताळला. वनस्पतीला, मातीला, पाण्यालाही जीव मानून तिने हिंसेच्या पायऱ्या लावल्या, आणि शेती शिकवणारा म्हणून आदिनाथ ऋषभदेवांनाच मान दिला. तरीही त्या वाटेने गेलेला समाज बहुतांशी नांगरापासून दूर व्यापारात स्थिरावला, त्यामुळे आपला प्रश्न त्याच्याकडून सुटत नाही.

वर्षावासाच्या उगमाची कथा या बाबतीत बोलकी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात ती येते. पावसाळ्यात भिक्खू फिरत, कोवळे गवत तुडवत, एकेंद्रिय जीवांना आणि बारीक किड्यांना इजा करत, म्हणून लोक कुरकुरू लागले, आणि बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. कुरकुरणारे हे लोक गृहस्थ होते. त्यांच्यातले बरेच जण त्याच दिवसांत स्वतःच्या शेतात चिखल तुडवत असणार. तरी त्यांना वाटले की ज्याला थांबता येते त्याने थांबावे. भिक्खूंना झाडपाल्याची नासधूस करायलाही मनाई आहे, पण तो नियम गृहस्थांवर लादलेला नाही. कसिभारद्वाज सुत्तात पेरणीच्या धांदलीतला शेतकरी ब्राह्मण बुद्धांना विचारतो की मी नांगरतो, पेरतो आणि मग जेवतो, तुम्ही काय करता? बुद्ध आपल्या साधनेला नांगरणीचीच उपमा देतात. नांगराखाली किडे मेल्याचा ठपका ते त्याच्यावर ठेवत नाहीत. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत ते शस्त्रांचा, जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शेती त्या यादीत नाही, विष आहे. याच जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात ज्या प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले, त्याच्या भोवतीची वस्तीही वैनगंगेकाठच्या शेतीवरच जगत असणार. म्हणजे या भूमीत हा प्रश्न बाहेरून आलेला नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला धार दिली. १९५४ साली याच भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्यानंतर तीन वर्षांनी, त्यांच्या निधनानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रसिद्ध झाला. त्यातल्या अहिंसेच्या विवेचनात ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. मारण्याची इच्छा एक आणि मारण्याची गरज दुसरी. अहिंसा हे बुद्धांच्या लेखी तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते मांडतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. वांग्याच्या वाडीत उभे राहून वाचले तर हे विवेचन फार नेमके वाटते. शेतकऱ्याला अळीचा राग नसतो, तिला मारण्यात त्याला आनंद नसतो. मात्र इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गरज हा शब्द रबरासारखा ताणता येतो. जगातली कुठलीही हत्या तिच्या कर्त्याला गरजेचीच वाटलेली असते. दर आठ दिवसांनी, कीड असो वा नसो, पंप भरणारा माणूसही गरज म्हणूनच भरतो. मग गरज खरी की मानलेली, हे ठरवायचे कशावरून?

आपली भाषा या ठिकाणी थोडे पांघरूण घालते. कीटकनाशकाला आपण औषध म्हणतो आणि त्याला क्रियापद लावतो ‘मारणे’. औषध रोग्याला द्यायचे असते. इथे रोगी झाड आहे आणि मार बसतो तो किड्याला, पण शब्द सगळे लक्ष झाडाकडे वळवतो. शब्द बदलावा असे माझे म्हणणे नाही. फक्त औषध म्हणायचे तर वैद्याची शिस्तही पाळावी, आधी नाडी पाहावी. ही नाडी पाहण्याची रीत १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी मांडली. लसूणघासावरचा मावा औषधांना दाद देईनासा झाला होता, तेव्हा त्यांनी सांगितले की शेतात कीड असणे म्हणजे नुकसान असणे नव्हे. नुकसानीची किंमत उपायाच्या खर्चाहून वर जाईल त्या पातळीच्या जवळ कीड येईपर्यंत हात उचलू नये. आपल्याकडे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ती आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून येते. वांग्यावरच्या शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीसाठी सर्वसाधारणपणे शंभरात पाच शेंडे किंवा फळे किडकी दिसेपर्यंत फवारू नये असे सांगतात. म्हणजे वाडीत तिरपे चालायचे, मधूनमधून झाडे निवडायची, मान टाकलेले शेंडे मोजायचे. मोजल्याशिवाय मारायचे नाही. बाबासाहेबांच्या भाषेत सांगायचे तर इच्छा आणि गरज यांच्यामधली रेघ इथे दिसू लागते.

कोणी म्हणेल की हा धम्म नव्हे, हा बनियाचा हिशेब आहे. यात दया कुठे? आक्षेप खरा आहे, आणि तो आणखी ताणता येतो. बाजारात वांग्याचा भाव चढला की थोड्या नुकसानीचीही किंमत वाढते, मग पातळी खाली येते. म्हणजे वांगे महाग झाले की अळीचा जीव स्वस्त होतो. इतकी सैल दोरी नीतीला पुरत नाही, हे मी मान्य करतो. तरीही या हिशेबातून जी सवय लागते ती निव्वळ पैशाची नाही. पाहिल्याशिवाय न मारणे, थोडे नुकसान सोसणे, आपल्या पिकात दुसऱ्याचाही घास आहे हे गृहीत धरणे, ही संयमाचीच अंगे आहेत, मग ती खिशाच्या भीतीने अंगी बाणलेली का असेनात. पातळीची खरी उणीव वेगळी आहे. ती आजची गरज मोजते. ती गरज कुठून आली हे विचारत नाही. आणि गरज आपोआप उगवत नाही, ती बहुतेक वेळा आधी तयार केलेली असते.

वांग्याचेच पाहू. या अळीचा पतंग पानावर अंडी घालतो. अळी बाहेर पडली की काही तासांत कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळे लागली की ती फळात शिरते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून भाद्रपदात भोके पडलेली फळे पाहून जी फवारणी होते ती बहुतांशी पश्चात्तापाची असते. अळी आत सुरक्षित राहते, आणि बाहेर मरतात ते ढालकिडे, क्रायसोपा, परागीकरण करणाऱ्या माश्या. हिंसा होते आणि काम होत नाही. यापेक्षा वाईट हिंसा कोणती? आता उलटे मागे जाऊ. ही अळी कोषात जाते ती सुक्या पानांत, काडीकचऱ्यात. मागच्या हंगामातली वांग्याची वाळलेली झाडे धुऱ्यावर रचून ठेवली की पुढच्या हंगामाची पतंगांची पिढी तिथेच पोसली जाते. ती झाडे वेळीच उपटून नष्ट केली, उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू दिली, रोपवाटिकेवर बारीक जाळी ताणली, त्याच जागी वांग्यामागून वांगे, मिरची, टमाटर न घेता मध्ये दुसऱ्या कुळातले पीक घेतले, आणि लागवडीनंतर दर आठवड्याला मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट केला, तर किती जीव मरतात? मरतात, पण मोजके, आणि नेमके तेच ज्यांच्याशी आपला झगडा आहे. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या हाती तर एक जास्तीचे साधन आहे. धानाच्या बांधीत महिनोन् महिने पाणी उभे राहते, त्यात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते. धान निघाल्यावर त्याच बांधीत घेतलेला रब्बीचा भाजीपाला काही शत्रू मागे टाकूनच सुरू होतो. ही हिंसा वाचवली कोणी, तर पिकांच्या क्रमाने.

निंबोळीचे उदाहरण या बाबतीत मला सर्वांत स्वच्छ वाटते. पाच टक्के निंबोळी अर्काला शंभर लिटर पाण्यामागे पाच किलो निंबोळीची भुकटी लागते. श्रावणात मावा-तुडतुडे दिसले की अर्क आठवतो, पण निंबोळ्या पिकून गळतात त्या पावसाच्या तोंडावर, रोवणीच्या गडबडीच्या आधी. तेव्हा वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर श्रावणात सौम्य मार्ग खुला असतो. नाही ठेवल्या तर कृषी केंद्रात जाऊन लाल त्रिकोणाची बाटली आणण्याशिवाय दुसरे सुचत नाही, आणि तेव्हा ती खरोखरच गरज असते. संत्र्या-लिंबाच्या खोडाला पावसाळ्याआधी लावायच्या बोर्डो पेस्टचेही तसेच. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. ज्येष्ठात लावली तर डिंक्याचा बंदोबस्त होतो, आणि बुरशी सालीत घुसल्यावर झाड हातचे जाते. भेंडीवरचा हळद्या तर लागल्यावर बरा होतच नाही, झाड उपटावेच लागते. पांढरी माशी तो पसरवते, आणि रोगाला तोंड देणारे वाण निवडण्याची वेळ बियाणे घेण्याच्या दिवशीच येऊन गेलेली असते. या प्रत्येक ठिकाणी ज्येष्ठातला आळस भाद्रपदात हिंसा होऊन उभा राहतो. म्हणून ‘गरज होती’ एवढे म्हणून सुटका होत नाही. ती गरज टाळण्याजोगी होती का, हा पुढचा प्रश्न उरतो. शीलाचा संबंध हाताशी आहे तितकाच पंचांगाशीही आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

गरज तयार करण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती मिरचीवर दिसते. फुलकिडे आणि कोळी यांनी पाने मुरडतात, झाड बोकडते. भीतीपोटी पायरेथ्रॉइड गटातली औषधे वरचेवर मारली की कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आधी संपतात. कोळी मात्र झपाट्याने वाढतात, आणि पुढची फवारणी अटळ होते. नत्राचा मारा जास्त झाला तर कोवळी लुसलुशीत पाने रसशोषक किडींना आमंत्रणच देतात. मारण्यातून मारण्याची गरज जन्मते. तृष्णेबद्दल बुद्धांनी जे सांगितले त्याचा इतका उघडा दाखला शेतीबाहेर क्वचितच मिळेल.

आता आपल्याच परंपरेतला सर्वांत कठीण आक्षेप. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना माउली अशा अहिंसेवर बोट ठेवतात जी हिंसेतून साधली जाते. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याभोवती कुंपण घालावे, तसे हे असल्याचे ते सांगतात, आणि एका जीवासाठी दुसऱ्या जीवाचा घात करणारा आयुर्वेदही ते या तपासणीतून सोडत नाहीत. मग अळी मारून वांगे राखणे, रोगट भेंडी उपटून बाकीची वाचवणे, हे फांदीचे कुंपणच नव्हे काय? मला वाटते, आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि ‘सेंद्रिय’ असा शिक्का मारून तर मुळीच नाही. निंबोळीनेही किडे मरतात. ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी दुसऱ्याच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि तिची पिल्ले आतून ते अंडे खाऊन मोठी होतात. त्याला जैविक नियंत्रण म्हटले म्हणून त्यातला मृत्यू कमी होत नाही. बीटी वांग्याने हत्या झाडाच्या पेशीतच भरून दिली. त्यावरची जाहीर सुनावणी नागपूरलाही झाली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने त्याला स्थगिती दिली. पण तो वाद सुरक्षिततेचा आणि मालकीचा होता, अहिंसेचा नव्हता. पेरून खाणाऱ्याला शुद्ध अहिंसा मिळत नाही. मात्र कुंपणाला किती फांद्या तोडल्या, गळून पडलेल्या काटक्यांनी भागले असते का, आणि कुंपण घालायची वेळ का आली, हे विचारणे त्यामुळे बंद होत नाही, उलट तिथूनच सुरू होते. माउलींचा दृष्टान्त मला मनाई वाटत नाही. तो हिशेब मागतो.

हा हिशेब एकट्या शेतकऱ्याकडे मागणे मात्र मनुस्मृतीचाच दोष पुन्हा करणे होईल. ज्येष्ठात जाळी घ्यायला पैसे नसतात, कर्ज रोवणीत गेलेले असते, शेंडे खुडायला मजूर मिळत नाही. ठेक्याने जमीन करणाऱ्याला पुढच्या वर्षी हीच जमीन मिळेल याचा भरवसा नसतो, तो पिकांचा क्रम कसा आखणार? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत गेले. ज्याच्या पाठीवर पंप त्याच्याच श्वासात विष. त्याला हिंसक म्हणणारी नीती आंधळी म्हणावी लागेल. बुद्धांच्या पाच निषिद्ध व्यापारांत विषाचा विक्रेता आहे, याची आठवण इथे पुन्हा करावी. कीड न विचारता, पीक न पाहता दोन-तीन बाटल्या एकत्र करून देणारा, भाजीपाल्यावर वापरायला बंदी असलेले मोनोक्रोटोफॉस भाजीवाल्याच्या पिशवीत घालणारा, आणि बाजारात एक भोक दिसले की अख्खी टोपली बाजूला सारणारे गिऱ्हाईक, हे तिघेही त्या फवाऱ्यात सामील आहेत. डाग नसलेल्या वांग्याचा आग्रह धरणारा माणूस घरी बसून मारण्याची इच्छा करत असतो, फक्त त्याचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर असतो. शेतकऱ्याकडे निदान गरज तरी असते.

पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघते. रोगराई, किडे, इडापिडा घेऊन गावाबाहेर जा, अशी हाक देत पोरे-माणसे शिवेपर्यंत जातात. पोळा येतो श्रावण अमावास्येला, खरिपाची कीड भरात येते तेव्हा. विज्ञानवादी मंडळी या प्रथेला हसतात, मला तिच्यात दोन गोष्टी विचार करण्याजोग्या दिसतात. एक, ती कीड संपवायला सांगत नाही, बाहेर जायला सांगते. निर्वंश करण्याची भाषा तिच्यात नाही. दुसरी, ती एकट्याची नसते, सारे गाव एकाच पहाटे निघते. कारल्या-काकडीवरच्या फळमाशीचे हेच मर्म आहे. कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात. एकट्याच्या वाडीत सापळे लावले तर शेजारच्या शेतातून फळलेली मादी येतेच, आणि किडकी फळे शिवेपलीकडे फेकली तर तीच माशी परत येते. सगळ्यांनी एका वेळी सापळे लावले, गळलेली किडकी फळे खड्ड्यात पुरली, तर औषधाची गरजच उरत नाही किंवा फार थोडी उरते. अहिंसा ही एकट्याची साधना मानण्याची आपली सवय इथे अपुरी पडते. शेतात ती गावाने मिळून पाळायची गोष्ट आहे, आणि मारबतीची मोडकी आठवण तरी गावाला तसे एकत्र यायला शिकवून गेली आहे.

गावाच्या सामाईकपणाची कसोटी सर्वांत कडक लागते ती मामा तलावांवर. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारीच्या काळाचे नाव लागलेले हे तलाव जिल्ह्याची ओळख आहेत, आणि त्यांत ढिवर कुटुंबे शिंगाडा लावतात. शिंगाड्याच्या तरंगत्या पानांवर भुंगेरा पडतो, पाने चाळणीसारखी होतात. वाडीत चुकून मारलेले औषध निदान मातीत मुरते. इथे ते थेट पाण्यात जाते, आणि त्याच पाण्यात मासोळी असते, गुरे त्याच पाण्यावर येतात, त्याच तलावाचे पाणी खाली धानाला सुटते. इथे पिकाचा मालक एक आणि विषाचे वाटेकरी शंभर. म्हणून शिंगाड्याच्या भुंगेऱ्याला सुरुवातीलाच, पानांवर अंडी-अळ्या दिसताच नावेतून हाताने वेचणे, किडकी पाने काढून काठावर नष्ट करणे हे कष्टाचे काम टाळता येत नाही. ज्या कुटुंबाला तलावाचा ठेका एकाच हंगामापुरता मिळाला आहे त्याने ते का करावे, हा प्रश्न मग नीतीचा राहतोच, शिवाय ग्रामपंचायतीच्या ठरावाचाही होतो. ठेक्याची मुदत वाढवणे हे कदाचित या तलावातले सर्वांत मोठे अहिंसेचे कृत्य ठरेल.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा भिक्खूंमध्ये प्रवारणा होते. माझे काही चुकले असे तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला वाटले असेल, तर सांगा, असे प्रत्येक जण संघाला विनवतो. त्याच सुमारास हलक्या धानाच्या बांध्या रिकाम्या होऊ लागतात आणि रब्बीच्या वांग्याचे, टमाटरचे वाफे टाकले जातात. खरिपातली वाळकी झाडे अजून वाडीत उभी असतात. ती या आठवड्यात उपटली जातील की नाही, वाफ्यावर जाळी येईल की नाही, यावर मार्गशीर्षात पंप किती वेळा भरावा लागेल हे अवलंबून असते.